डबा घेण्याआधी दिवा बघ

बाळ, लेपर्ड गेको ही पाल घरी आणलीस आणि कॅल्शियम कोणतं घेऊ म्हणून विचारतेस, तर आधी एक ऐक. दुकानात डब्यांच्या फळीसमोर उभी राहण्यापूर्वी तिच्या पेटीवर कोणता दिवा लावला आहेस ते बघ. सगळा हिशेब तिथून सुरू होतो.

पोटात गेलेलं कॅल्शियम रक्तात शोषलं जायला डी३ जीवनसत्त्व लागतं. यूव्हीबी किरण अंगावर पडले की पाल ते आपल्या कातडीत बनवते, आणि गरजेपुरतंच बनवते. दिवा नुसता उबेचा असेल तर डी३ पुडीतून द्यावं लागतं, आणि तिथे असा लगाम नसतो. ते चरबीत विरघळतं आणि अंगात साठत जातं. फार साठलं की कॅल्शियम हाडं सोडून मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत जमायला लागतं. म्हणून कमी जितकं वाईट, तितकंच जास्तही वाईट.

ही पाल संधिप्रकाशात हिंडते, तिला यूव्हीबीची गरजच नाही, असं अजूनही सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही. दिवसातून थोडाच वेळ मंद यूव्हीबी मिळाली तरी तिच्या रक्तातलं डी३ वाढतं, हे तपासून पाहिलेलं आहे. जमत असेल तर मंद नळी लाव, लपायला आडोसा ठेव. अल्बिनो असेल तर आडोसा जास्तच, तिच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. आणि पेटी खिडकीच्या उन्हात कधीही ठेवू नकोस. काच यूव्हीबी अडवते, उष्णता मात्र आत कोंडते. जनावर त्यात मरतं.

आता पूड. रातकिडे, टोळ, मीलवर्म, सगळ्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फारच कमी. पालीला हवं नेमकं उलटं, फॉस्फरसच्या दीड-दोन पट कॅल्शियम. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या तेवढ्या याला अपवाद. म्हणून रोजच्या वापराला फॉस्फरस नसलेलं, डी३ही नसलेलं साधं कॅल्शियम घे. वाढत्या पिल्लाला जवळजवळ प्रत्येक जेवणात, मोठ्या पालीला बहुतेक जेवणांत. अंडी धरलेल्या मादीला हात आखडू नकोस, तिच्या हाडांतलं कॅल्शियम अंड्यांत जातं.

डी३ असलेल्या कॅल्शियमचा डबा वेगळा. यूव्हीबी नसेल तर तो आठवड्यातून एक-दोनदा. चांगली यूव्हीबी असेल तर पंधरवड्यातून एकदा पुरे. तिसरा डबा मल्टिव्हिटॅमिनचा, आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी एकदा. हा तिसरा डबा आणलास की मागचं लेबल नीट वाच. बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये डी३ आधीच असतं. तसं असेल तर त्या दिवशी दुसऱ्या डब्याला हात लावायचा नाही. घोटाळा होतो तो इथे, दोन डब्यांतून एकच गोष्ट दोनदा जाते. डब्यावर लिहिलेलं प्रमाण माझ्या बोलण्यापेक्षा वरचढ समज, कारण प्रत्येक पुडीत डी३ वेगळं असतं.

पिशवीत चिमूटभर पूड, त्यात किडे टाकून हलकेच हलव. मासा रव्यात घोळवतो तसा जाड थर नको, पातळ साय दिसली की बस. घोळवले की लगेच पेटीत सोड; रातकिडे अंग साफ करत बसतात आणि काही तासांत पूड झाडून मोकळे होतात. किडे स्वतः उपाशी असले तर पुडीचा उपयोग अर्धाच. खायला घालण्याआधी एक-दोन दिवस त्यांना गाजर, हिरवा पाला, चांगलं खाद्य दे. पालक नको, त्यातलं ऑक्झालेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

पेटीत बाटलीच्या झाकणात कॅल्शियम ठेवतात, ते ठेव, पण साधंच. डी३वालं उघडं ठेवलंस तर ती किती चाटते याचा हिशेब राहत नाही. कॅल्शियमची म्हणून विकतात ती वाळू अंथरू नकोस, पोटात जाऊन आतडी तुंबतात. उघडलेला डबा सहा महिन्यांनी बदल, आतली जीवनसत्त्वं मरतात. झाकणावर तारीख लिहून ठेव.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. माणसांचं औषध तिला नको. आपल्याकडे डॉक्टर आठवड्याला ६०,००० युनिटचं डी३चं पाकीट देतात. ते मोठ्या माणसाच्या मापाचं आहे, आणि तुझ्या पालीचं वजन पन्नास ते ऐंशी ग्रॅमच्या आसपास. त्यातला कणही तिच्या वाट्याला जाता कामा नये.

जबडा मऊ लागतो का, पाय वाकतायत का, बोटं थरथरतात का, पोट जमिनीवरून उचलत नाही का, हे रोज बघ. डोळे सुजले किंवा बोटांवर कात अडकली, तर ए जीवनसत्त्व कमी असू शकतं, तसाच पेटीत ओलावाही कमी असू शकतो; म्हणून मनाने पूड वाढवू नकोस, ए जास्त झालं तरी कातडी सोलवटते. गरम बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आहे ना, तेही मोजून बघ. ऊब कमी पडली तर खाल्लेलं पचत नाही, मग पूड कितीही चांगली असो.

यातलं एकही लक्षण दिसलं तर नवीन डबा शोधत बसू नकोस. सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार डॉक्टर त्याच दिवशी गाठ, आणि जाताना सगळे डबे बरोबर ने.