तळाशी गळ, पण वजन हलके

आम्हा कापडवाल्यांना लँकेशायरचे नाव परिचित. तिथल्या गिरण्यांना कापूस-कोळसा पुरवणाऱ्या लीड्स-लिव्हरपूल कालव्यावर (१८१६ मध्ये पूर्ण) आता गळ टाकणारे हौशी लोक बसतात.

संथ पाण्यातला रोच मासा भारी संशयी. ओझे जाणवले की आमिष थुंकतो. म्हणून तंगुसावर सरकणारा आखूड दोरा ठेवून त्याला छर्ऱ्याचे एक-दोन दाणेच लावतात. मासा ओढतो तेव्हा तंगूस सरकतो, वजन जागेवर राहते. काठीचे बारीक टोक वाकले की समजावे. छोट्या नदीत ओढ असेल तर एकेक दाणा वाढवावा, आमिष जेमतेम टिकेपर्यंत. आमिषाला पावाचा गर पुरतो.

दुकानदारांनी लक्षात घ्यावे: शिशाचे छर्रे गिळून हंस मरू लागले, तेव्हा इंग्लंडमध्ये १९८७ साली अशा बहुतेक वजनांची विक्री बंद झाली. ऑर्डर तिकडची असेल तर धातू आधी विचारून घ्यावा.