कालव्याच्या दारांची हाताळणी व टेलचें पाणी

कालव्याच्या शेवटास जमीन असलेल्या शेतकऱ्यांची तक्रार बहुतेक ठिकाणीं सारखीच असते. आवर्तन सुरू होतें त्या दिवशीं चारीला पाणी भरपूर येतें, दुसरे दिवशीं तें निम्मे होतें, आणि तिसरे दिवशीं रात्रीं भिजविणारा माणूस कोरड्या सरीपाशीं बसून राहतो. कोणी याचा दोष वरच्या गांवांच्या चोरीस देतात, कोणी पाटकऱ्याच्या आळसास. चोरी होत नाहीं असें नव्हे. परंतु चोरी मुळींच नसली व पाटकरी रात्रंदिवस राबत असला, तरीही टेलचें पाणी असे हेलकावे खाऊं शकतें. याचें कारण पाण्याच्या स्वभावांत व दारें हाताळण्याच्या रीतींत आहे. महाराष्ट्रांत २००५ च्या कायद्यानें पाणीवापर संस्थांस घनमापन पद्धतीनें पाणी देण्याची तरतूद झाली. म्हणजे संस्थेच्या मुखाशीं जितकें पाणी मोजलें जाईल तितक्याची आकारणी व तितक्याचीच वांटणी. तेव्हां दार कसें व केव्हां हलवावें हा विषय आतां केवळ सरकारी नोकरांचा राहिलेला नाहीं.

प्रथम टेलचा हिशेब पाहूं. समजा, कालव्याच्या मुखाशीं १०० क्युसेक पाणी सुटलें आहे. गळती सोडून दिली तर वाटेंतल्या चाऱ्या त्यांपैकीं ९० घेतात व शेवटच्या चारीस १० उरतात. कांहीं कारणानें वरच्या चाऱ्यांनीं ९० च्या ऐवजीं ९५ घेतले, तर टेलला ५ च उरले. वरच्या शेतकऱ्यांच्या पाण्यांत शेंकडा ५॥ ची वाढ झाली. ती त्यांच्या लक्षांतही येत नाहीं. टेलच्या पाण्यांत मात्र शेंकडा ५० ची तूट आली. एक क्युसेक पाणी चोवीस तास चाललें तर सुमारें २ एकरांवर १ फूट उभें राहील इतकें होतें. तीन इंचांची पाळी धरली तर तें ८ एकरांचें भिजवण झालें. म्हणजे ५ क्युसेकची तूट एक दिवस टिकली कीं ४० एकर कोरडे राहिले.

आतां वरच्या चाऱ्या अधिक पाणी कां ओढतात? पाणी दाराखालून जातें त्या वेळीं त्याचा प्रवाह पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढतो. दारावर २४ इंचांचा दाब असतांना कालवा ३ इंच चढला, तर चारीचें पाणी शेंकडा ६ च वाढतें. पाणी कांठावरून सांडत असेल तर गोष्ट अगदीं निराळी होते. कांठावर १२ इंच पाणी असतांना तेवढेच ३ इंच चढले, तर प्रवाह शेंकडा ४० वाढतो. यावरून चारीच्या मुखाशीं पाणी दाराखालून घ्यावें, हें उघड आहे. कालव्यांतील आडव्या दाराशीं, ज्यास क्रॉस रेग्युलेटर म्हणतात, तेथें मात्र याच नियमाचा उलट उपयोग करावयाचा असतो. तेथें चारीसाठीं पातळी स्थिर ठेवावयाची असते व अधिक आलेलें पाणी पुढें जाऊं द्यावयाचें असतें. दाराखालून पाणी सोडलें आणि कालव्यांत शेंकडा १० पाणी वाढलें, तर २ फुटांच्या दाबावर पातळी सुमारें ५ इंच चढल्यावांचून तें पुढें जात नाहीं. तेंच पाणी कांठावरून १ फूट जाडीनें सांडत असेल तर पाऊण इंच चढ पुरतो. कांठ तिप्पट लांब केल्यास अर्ध्या इंचाहूनही कमी. मोरोक्कोंतील कालव्यांवर फ्रेंच अभियंत्यांनीं बदकाच्या चोचीसारखे वळविलेले लांब कांठ घातले ते याच हिशेबानें.

आपल्याकडे सर्वत्र अशी नवी बांधकामें होतील तेव्हां होवोत. जेथें आडव्या दाराच्या बाजूच्या गाळ्यांत फळ्यांच्या खाचा आहेत, तेथें ठरलेल्या पातळीपर्यंत फळ्या घालून वाढीव पाणी त्यांवरून सांडूं द्यावें व मधलें दार केवळ मोठ्या फेरफाराकरितां हलवावें. फळ्या घालण्यापूर्वीं कालव्याच्या भरावाची उंची अधिकाऱ्यांकडून तपासून घेणें अवश्य आहे.

खडकवासल्याच्या सांडव्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं १९०३ सालीं आपोआप उघडणारीं दारें बसविलीं. कालव्यांवर मात्र अद्याप पुष्कळ दारें चाक फिरवूनच हलवावीं लागतात. आमच्या मतें यांत फारसें बिघडत नाहीं. खरी अडचण पातळीचा पाठलाग करण्याच्या संवयीची आहे. कालव्यांत सेकंदास २ फूट वेगानें वाहणाऱ्या पाण्यास १६ किलोमीटर जावयास ७ तासांहून अधिक लागतात. वर केलेल्या बदलाची लाट खालीं त्याच्या आधीं जाणवूं लागते, पण पातळी स्थिरावण्यास बराच काळ जातो. सकाळीं उघडलेल्या दाराचा परिणाम दुपारपर्यंत दिसला नाहीं म्हणून पाटकरी तें आणखी उघडतो. सायंकाळीं दोन्ही बदल एकदम पोंचतात. मग घाईनें दार दाबलें जातें. अशा रीतीनें कष्टाळू माणूसच कालव्यांत लाटा उत्पन्न करतो. एकदां दार हलविल्यावर त्याचा परिणाम खालच्या खांबावर दिसून स्थिर होईपर्यंत दुसरी दुरुस्ती करूं नये. फुटण्याची भीति किंवा अपघात एवढाच याला अपवाद.

दार किती हलविलें हें डोळ्यांनीं ठरवूं नये. दाराच्या दांड्यावर रंगानें इंचांच्या खुणा कराव्या व एका फेऱ्यानें दार किती उचलतें तें मोजून ठेवावें. जुन्या चाकांत आंट्यांचा ढिलेपणा असतो. म्हणून दार थोडें अधिक खालीं नेऊन शेवटीं वर उचलूनच खुणेवर आणावें. नाहींतर तीच खूण दोन वेळां निराळें पाणी देते. पाणी बंद करतांना घाई नसावी. पातळी एकदम उतरली तर भिजलेला भराव आंत ढासळतो, आणि काळ्या मातीच्या भरावांत हें भय विशेष.

मुखाशींच पाणी कमी सुटलें, तर ही सर्व काळजी घेऊनही टेलला तूट येणारच. उलट वरच्या चाऱ्या जितक्या स्थिर, तितकी ती पुरतेपणीं टेलवर पडेल. म्हणून मुखाचें माप दिवसांतून दोनदां घ्यावें, आणि तूट दिसतांच सर्व चाऱ्यांचीं दारें प्रमाणानें कमी करावीं. हा निर्णय संस्थेच्या सभेंत आवर्तनापूर्वींच झालेला असावा. रात्रीं बांधावर तो होत नाहीं. शक्य असल्यास शेवटच्या चारीजवळ लहानसें तळें ठेवावें, म्हणजे रात्रींचें जास्त पाणी नाल्यांत न जातां सकाळच्या तुटीस उपयोगी पडेल.

पाटकऱ्याच्या वहींत वेळ, दाराची खूण, त्या ठिकाणची पातळी व टेलची पातळी एवढे चार रकाने पुरेत. येत्या रब्बीच्या पहिल्या आवर्तनांत मुखाचें दार एकदांच ठरावीक प्रमाणांत हलवून प्रत्येक आडव्या दाराशीं पाणी केव्हां चढूं लागलें व केव्हां स्थिरावलें तें त्यांत लिहून ठेवावें, आणि त्याची एक प्रत टेलच्या सभासदांजवळ असावी.