जपानी शिकताय? पहिल्या महिन्यापासून बोला

जपानी भाषेची चौकशी करायला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "एन४ व्हायला किती दिवस लागतात?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. एन५ पासून एन१ पर्यंत चढत जाणाऱ्या जेएलपीटी परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासतात. बोलण्याची परीक्षाच नसते. एन४ उत्तम गुणांनी पास झालेली मुलगी जपानमधल्या औषधाच्या दुकानात गप्प उभी राहू शकते, आणि त्यात तिचा दोष नसतो. तिला तसं शिकवलेलंच नसतं.

प्रमाणपत्र लागतंच, हे खरं. जपानने एप्रिल २०१९ पासून 'तोकुतेइ गिनोऽ' म्हणजे ठरावीक कौशल्याच्या कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, हॉटेल, खाद्यपदार्थांचे कारखाने अशी क्षेत्रं त्यात येतात. भारताशी याबाबतचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पाच वर्षांत ५० हजार कुशल भारतीयांना जपानमध्ये संधी देण्याचं उद्दिष्ट दोन्ही सरकारांनी जाहीर केलं. या व्हिसासाठी त्या त्या कामाची कौशल्य परीक्षा आणि सोबत एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा द्यावी लागते. जेएफटी-बेसिकमध्ये २५० पैकी २०० गुण हवेत. पालकांनी आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी: या व्हिसाच्या पहिल्या टप्प्यात एकूण पाच वर्षं राहता येतं आणि कुटुंबाला सोबत नेता येत नाही. म्हणजे वीस-बावीस वर्षांचं मूल तिथे एकटं राहणार. त्याचं दुखणंखुपणं, खाणंपिणं, घरमालक, सरकारी कचेरी, सगळं त्यालाच निभवायचं आहे, तेही जपानीतून.

साधं कोपऱ्यावरचं दुकान घ्या. कॅशिअर झरझर विचारते, "फुकुरो वा गोरियोऽ देसु का?" पिशवी हवी का, एवढंच ती विचारतेय. जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, म्हणून हा प्रश्न येतोच. पाठोपाठ "ओबेन्तोऽ आतातामेमासु का?", डबा गरम करून देऊ का? हवं असेल तर "हाय, ओनेगाइशिमासु", नको असेल तर "दाइजोऽबु देसु". दोन उत्तरांत काम भागतं. पण ती वेगात विचारलेल्या प्रश्नाला तितक्याच सहज यायला हवीत, आणि ते वहीत लिहून साधत नाही.

शाकाहारी घरातल्या मुलांसाठी तर संवादाचा सराव ही रोजच्या जेवणाची गरज आहे. "निकु वा ताबेमासेन", मी मांस खात नाही, असं सांगितलं की आपल्याला वाटतं काम झालं. समोर मिसोचं सूप येतं, त्यात मांस नसतं, पण त्याचा 'दाशि' म्हणजे मूळ अर्क बहुधा वाळवलेल्या माशाचा असतो. वाढणाऱ्याने फसवलेलं नसतं. मांसाबद्दल विचारलं, मांसाबद्दल उत्तर मिळालं. म्हणून "साकाना मो ताबेमासेन" (मासेही खात नाही) आणि "दाशि नि साकाना गा हाइत्ते इमासु का?" (अर्कात मासा आहे का?) ही दोन वाक्यं तोंडात बसलेली असली पाहिजेत.

दवाखान्यात "आतामा गा इताइ देसु", डोकं दुखतंय, एवढ्याने डॉक्टरचं समाधान होत नाही. कसं दुखतंय? ठणकत असेल तर 'झुकिझुकि', टोचल्यासारखं असेल तर 'चिकुचिकु'. ठणका, चुरचुर, कळ असं नेमकं बोलणाऱ्या मराठी माणसाला हे शब्द लवकर आपलेसे वाटतात. रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक, आणि आपला पत्ता न अडखळता जपानीत सांगणं, हेही निघण्याआधी पाठ हवं. नव्या घरात राहायला गेल्यावर १४ दिवसांत स्थानिक कार्यालयात नोंद करावी लागते. तिथेही पत्ता विचारतातच.

कामाच्या ठिकाणी मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते एक वाक्य: "सुमिमासेन, मोऽ इचिदो ओनेगाइशिमासु." माफ करा, पुन्हा एकदा सांगा. आपली मुलं शाळेत शंका न विचारता मान डोलवायला शिकलेली असतात. तिथे ती "हाय, हाय" म्हणत राहतात, मुकादमाला वाटतं समजलं, आणि चुकीच्या डब्यात चुकीचा माल पडतो. शुश्रूषेच्या कामात तर एखाद्या आजोबांच्या औषधाचा प्रश्न असतो. न समजलेलं विचारण्याचा सराव वर्गात रोज झाला पाहिजे.

मराठी मुलांनी जपानीला घाबरू नये, हे मी मनापासून सांगतो. वाक्याची ठेवण आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. 'मुंबईहून पुण्यापर्यंत' म्हणजे 'मुंबई कारा पुणे मादे'. प्रत्यय आपल्यासारखाच नामाच्या मागे येतो. 'त्सु' म्हणताना 'चमचा'तला च मदतीला येतो. मात्र दीर्घ स्वर सांभाळावा लागतो: 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. हिरागाना आणि काताकानाची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं आधी पक्की करावीत आणि देवनागरीत उच्चार लिहिण्याची सवय लवकर सोडावी.

अभ्यासासाठी जपान फाउंडेशनचं 'इरोदोरि' हे पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसह मोफत मिळतं. त्याची रचनाच रोजच्या प्रसंगांवर केलेली आहे. क्लास निवडताना फी विचारण्याआधी एक तास मागे बसून पाहा. त्या तासात मुलं किती बोलली? शिक्षकच सगळा वेळ बोलत असतील तर दुसरा क्लास शोधा. आणि पदवी सोडून नुसती भाषा, हा सल्ला मी देणार नाही. नर्सिंग, यंत्रदुरुस्ती, हॉटेल, अभियांत्रिकी यांपैकी काहीतरी हातात असेल तर भाषेला किंमत येते.

एजंटला पैसे देण्याआधी तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, हे स्वतः पाहा. कंपनीच्या मुलाखतीत शेवटी बहुधा विचारतात, "काही प्रश्न आहेत का?" तेव्हा "नाही" म्हणून मोकळं होऊ नये. हातात किती पगार येणार, "तेदोरि वा इकुरा देसु का?" आणि खोलीचं भाडं किती, "याचिन वा इकुरा देसु का?" हे मुलानेच विचारावं, आणि आलेला आकडा त्याच वेळी कागदावर लिहून घ्यावा.