विज्ञान-पाठ : गमवुडचे रान आणि इवलासा ढालकिडा



नेपोलियनला १८१५ साली ज्या बेटावर हद्दपार केले, ते सेंट हेलिना आपल्याला इतिहासातून ठाऊक आहे. दक्षिण अटलांटिक महासागरातले हे बेट जेमतेम १२२ चौरस किलोमीटरचे. अशा एकाकी बेटांवर जगात इतरत्र न आढळणाऱ्या वनस्पती तयार होतात. गमवुड त्यांपैकीच एक. सूर्यफुलाच्या कुळातला असूनही हा चांगला वृक्ष होतो. पूर्वी त्याची मोठी राने होती. माणसांनी सरपणासाठी तोड केली, शेळ्यांनी रोपे खाल्ली आणि अखेर दोन ठिकाणी मिळून दोन-अडीच हजार झाडे उरली.

त्यातच १९९१ साली त्यांच्यावर ऑर्थेझिया ही कीड आढळली. ती मूळची अमेरिका खंडातली. घाणेरीवरही ती पोसते. ती झाडाचा रस शोषते व चिकट गोड द्राव सोडते. त्या द्रावावर काळी बुरशी वाढून पाने झाकली जातात आणि झाड वाळते. १९९३ पर्यंत शंभराहून अधिक गमवुड मेले.

फवारणी केली असती, तर झाडावरचे निरुपद्रवी कीटकही मेले असते. म्हणून शास्त्रज्ञांनी किडीचा नैसर्गिक शत्रू शोधला. हायपरॅस्पिस जातीचा छोटा ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, केनियातून आणला. तो इतर जीवांना उपद्रव करणार नाही, याची आधी खात्री केली आणि मगच १९९३ साली सोडला. ऑर्थेझियाची मादी मेणासारख्या पांढऱ्या पिशवीत अंडी बाळगते. ढालकिड्याच्या अळ्या त्या पिशवीत शिरून अंडी फस्त करतात. १९९५ पर्यंत कीड आटोक्यात आली आणि गमवुड वाचले.

मात्र शत्रूचा शत्रू तो मित्र, असे समजून कोणताही प्राणी सोडणे धोक्याचे. उसावरचे भुंगेरे खातील म्हणून १९३५ साली ऑस्ट्रेलियात भेक आणले. भुंगेरे हटले नाहीत, भेकच डोईजड झाले!

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे कीड येऊच न देणे. पालकांना व विश्वस्तांना आमची विनंती आहे की, परगावाहून आणलेले रोप बागेत लावण्यापूर्वी काही दिवस वेगळे ठेवावे आणि पानांच्या खालच्या बाजू तपासाव्यात. आपणही शाळेच्या बागेत हाच नियम पाळू या.

स्वाध्याय
१. काळ्या बुरशीमुळे झाड का वाळते?
२. ढालकिडा सोडण्यापूर्वी कोणती खात्री केली? ती का आवश्यक होती?
३. घराजवळच्या एका झाडाची पाने उलटून पाहा. दिसलेल्या कीटकांची चित्रे वहीत काढा.