स्पेन देशात लोकशाही कशी आली

युरोप खंडाच्या नैर्ऋत्य टोकाला स्पेन नावाचा देश आहे. गोव्यावर १९६१ सालापर्यंत ज्या पोर्तुगालचे राज्य होते, त्या पोर्तुगालला लागूनच हा देश. आपल्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून थोडा मोठा. वस्ती मात्र पाच कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. राजधानी माद्रिद. द्राक्षे, संत्री आणि ऑलिव्ह नावाच्या फळाचे तेल यांसाठी हा देश प्रसिद्ध आहे.

कुणी म्हणेल, इतक्या दूरच्या देशाची गोष्ट आम्हाला कशाला? पण मंडळी, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. या देशात भाऊ भावावर उठला. जवळजवळ तीन वर्षे आपसात लढाई चालली. मग एका माणसाने ३६ वर्षे आपल्या हुकमाने राज्य केले. आणि शेवटी, दुसरी लढाई न होता, तिथे लोकांचे राज्य आले. हे कसे बिघडले आणि कसे सुधारले, ते या पाठात पाहू.

जमीन थोड्यांची, कष्ट बहुतांचे

शंभर वर्षांपूर्वीचा स्पेन म्हणजे शेतीचा देश. दक्षिणेकडे आंदालुसिया नावाचा मुलूख आहे. तिथे मैलोगणती जमीन एकेका बड्या घराण्याची असे. मजुराच्या नावावर वीतभर जमीन नसे. पहाटे मजूर गावच्या चौकात येऊन उभे राहत. जमीनदाराचा कारभारी येई आणि हवे तेवढे गडी निवडून नेई. उरलेले रिकाम्या हाताने घरी परतत. खेड्यापाड्यांतील पुष्कळ लोकांना अक्षरओळख नव्हती.

१९३१ सालच्या एप्रिल महिन्यात शहरांच्या आणि गावांच्या निवडणुका झाल्या. मोठ्या शहरांतून राजाच्या विरुद्ध मते पडली. राजा तेरावा आल्फोन्सो देश सोडून गेला. १४ एप्रिलला प्रजासत्ताक जाहीर झाले. प्रजासत्ताक म्हणजे काय? राजाचा मुलगा राजा, ही रीत नाही. लोक निवडतील तो कारभार पाहील.

नव्या सरकारने शाळा काढल्या. शहरांतले विद्यार्थी आणि शिक्षक खेचरांवर पेट्या लादून डोंगरातल्या खेड्यांत जाऊ लागले. एकेका पेटीत सुमारे १०० पुस्तके असत. ती गावाला द्यायची, वाचून दाखवायची, नाटक करायचे, सिनेमा दाखवायचा. कित्येक गावांनी सिनेमा तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

बायकांच्या मताचा प्रश्नही तेव्हाच निघाला. क्लारा कांपोआमोर नावाच्या वकीलबाई सभागृहात उभ्या राहिल्या आणि बायकांच्या मतासाठी भांडल्या. बायकांना काय कळते, त्या पाद्री सांगतील तसे मत देतील, असे पुष्कळांचे म्हणणे. बाईंच्या पक्षातलेही बहुतेक विरुद्ध गेले. तरी १ ऑक्टोबर १९३१ रोजी १६१ विरुद्ध १२१ मतांनी बायकांचा हक्क मंजूर झाला.

हार कुणालाच सोसेना

इतके चांगले चालले असता बिघडले कुठे? नीट लक्ष द्या. पाठाचे मर्म इथेच आहे.

देशात दोन तट पडले होते. एका बाजूला मजूर, कामगार आणि त्यांचे पक्ष. त्यांना जमीन आणि बदल हवा होता, आणि तोही आजच. दुसऱ्या बाजूला जमीनदार, चर्चची मंडळी, बरेचसे लष्करी अधिकारी आणि देवाधर्माला भिणारे पुष्कळ साधे शेतकरी. आपली जमीन जाईल, धर्म बुडेल, अशी त्यांना भीती. काही ठिकाणी जमावाने चर्च जाळली, त्यामुळे ती भीती वाढली.

१९३२ साली जमीनवाटपाचा कायदा झाला, पण काम मुंगीच्या पावलाने चालले. मजूर चिडले. १९३३ साली दुसरा तट निवडून आला. पुढच्या वर्षी आस्तुरियास भागातल्या खाणकामगारांनी हत्यार उचलले. लष्कराने तो उठाव निर्दयपणे मोडला. फेब्रुवारी १९३६ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. मते दोन्हीकडे जवळजवळ सारखी पडली, पण जास्त जागा पहिल्या तटाला मिळाल्या. आता हरलेल्यांना वाटू लागले, की यांच्या राज्यात आपली धडगत नाही.

पाहा, मते मोजली जात होती. पण हरलेला पुढच्या निवडणुकीपर्यंत दम धरायला तयार नाही, आणि जिंकलेला हरलेल्याला अभय द्यायला तयार नाही. रस्त्यांत खून पडू लागले. मतपेटी होती, पण मतपेटीवरचा भरवसा उडाला होता.

भावाभावांची लढाई

१७ जुलै १९३६ रोजी लष्करातल्या सेनापतींनी सरकारविरुद्ध बंड केले. त्यांत फ्रान्सिस्को फ्रँको हे एक होते. थोड्याच महिन्यांत ते बंडवाल्यांचे मुख्य झाले. अर्धा देश सरकारकडे राहिला, अर्धा बंडवाल्यांकडे गेला. देशातल्या देशात अशी लढाई होते तिला यादवी म्हणतात. कृष्णाचे यादव आपसात लढून संपले, तो हा शब्द.

बाहेरचेही यात पडले. जर्मनीचा हिटलर आणि इटलीचा मुसोलिनी यांनी फ्रँकोला विमाने, तोफा आणि माणसे दिली. सरकारला रशियाने हत्यारे दिली. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी आम्ही मध्ये पडणार नाही, असे ठरविले. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका नावाच्या गावावर बाँब टाकले. तो बाजाराचा दिवस होता. गाव जळाले. पिकासो नावाच्या स्पॅनिश चित्रकाराने या संहाराचे मोठे चित्र काढले. ते आज माद्रिदमध्ये आहे आणि जगभरचे लोक ते पाहायला जातात. पंडित जवाहरलाल नेहरूही १९३८ साली बार्सिलोना शहरी गेले होते. बाँब पडत असताना ते तिथे राहिले.

रणांगणावर माणसे मेली, ती मेलीच. पण रणांगणापासून दूर, गावागावांतही माणसे मारली गेली. फ्रँकोच्या बाजूने शाळामास्तर, मजुरांचे पुढारी, कवी यांना रात्री घरातून उचलून नेले आणि रस्त्याकडेला गोळ्या घातल्या. सरकारच्या बाजूच्या टोळ्यांनी हजारो पाद्री आणि जमीनदार मारले. कुणी जुनी भांडणे उगवून घेतली, कुणी बांधाचा वाद. सारे मिळून सुमारे ५ लाख माणसे गेली, असा अंदाज आहे.

१ एप्रिल १९३९ रोजी फ्रँकोने विजय जाहीर केला. त्याआधी दोन महिने सुमारे ५ लाख माणसे, लेकरे पाठीशी बांधून, बर्फाचे डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये पळाली होती.

बळी तो कान पिळी

लढाई थांबली, म्हणून शांतता आली का? नाही. जिंकलेल्याने हरलेल्याला जवळ केले नाही. हजारो माणसांना लढाई संपल्यावर गोळ्या घातल्या. लाखो तुरुंगात गेली. शाळामास्तरांची चौकशी झाली आणि पुष्कळांची नोकरी गेली.

पक्ष एकच, फ्रँकोचा. वर्तमानपत्रात काय छापायचे ते सरकार ठरवी. संपाला बंदी. कातालान आणि बास्क या देशातल्याच भाषा. पण त्या शाळेत आणि कचेरीत बोलायला बंदी. आपली मायबोली शाळेत बोलल्याबद्दल लेकराला शिक्षा होते, ही कल्पना करून पाहा! लग्न झालेल्या बाईला नोकरी करायची किंवा बँकेत खाते उघडायचे तर नवऱ्याची परवानगी लागे. हा नियम १९७५ साली गेला.

पहिली बारा-तेरा वर्षे रेशनची आणि उपासमारीची गेली. रेशन १९५२ साली उठले. १९५९ नंतर सरकारने व्यापार मोकळा केला. कारखाने निघाले, परदेशी प्रवासी समुद्रकाठी येऊ लागले. लाखो खेडूत पोटासाठी जर्मनीला आणि फ्रान्सला गेले आणि तिथून पैसे पाठवू लागले. घरात चार पैसे आले, हे खरे. ते नाकारून चालणार नाही. पण पोट भरले तरी तोंडाला कुलूप ते कुलूपच. ज्यांचा बाप किंवा भाऊ रस्त्याकडेच्या खड्ड्यात पुरला होता, त्यांना त्याचे नाव मोठ्याने घ्यायची चोरी होती.

कुलूप कसे उघडले

२० नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रँको वारले. वय ८२. त्यांनी आपल्यामागे हुआन कार्लोस यांना राजा नेमून ठेवले होते. हे पळून गेलेल्या आल्फोन्सो राजाचे नातू. लोकांना वाटले, तीच घडी पुढे चालणार. पण तसे झाले नाही.

राजाने १९७६ च्या जुलैत आदोल्फो सुआरेस यांना मुख्य प्रधान केले. हे फ्रँकोच्याच कारभारातले माणूस, वय अवघे ४३. त्यांनी जुन्या सभेपुढे कायदा मांडला, की लोकांनी निवडलेली नवी सभा बनवावी. म्हणजे जुन्या सभेने आपल्याच हाताने आपली गादी सोडायची! तरी ४२५ विरुद्ध ५९ मतांनी कायदा मंजूर झाला. दिवस बदलले, हे त्यांनी ओळखले होते. कामगारांचे संप आणि विद्यार्थ्यांचे मोर्चे त्यांना रोज दिसतच होते. मग १५ डिसेंबर १९७६ रोजी सगळ्या लोकांचा कौल घेतला. मत देणाऱ्यांपैकी शेकडा ९४ जणांनी होय म्हटले.

वाट सोपी नव्हती. जानेवारी १९७७ मध्ये माद्रिदमध्ये कामगारांच्या वकिलांच्या कचेरीत बंदूकवाले शिरले. त्यांनी पाच जणांना ठार केले. मेलेल्यांच्या बाजूचे लोक हजारोंनी अंत्ययात्रेला आले. पण एकानेही दगड उचलला नाही. सारे मुकाट्याने चालले. त्या मुकेपणाने देशाचे मन बदलले. कम्युनिस्ट पक्षावरची बंदी एप्रिलमध्ये उठली, आणि १५ जून १९७७ रोजी ४१ वर्षांनंतर खरी निवडणूक झाली. १९३६ साली पंचविशीत असलेला माणूस आता सहासष्ट वर्षांचा झाला होता!

मग संविधान लिहायला सात माणसे बसली. त्यांत फ्रँकोचे एक जुने मंत्री होते आणि एक कम्युनिस्टही होते. एकेकाळी ज्यांच्या माणसांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, ते एका टेबलाशी बसले. प्रत्येकाने काही सोडले. कम्युनिस्टांनी राजा मान्य केला. राजाच्या बाजूच्यांनी राजाचा अधिकार काढून नावापुरता ठेवला. बास्क, कातालान अशा भागांना आपापली भाषा आणि आपापला कारभार मिळाला. ६ डिसेंबर १९७८ रोजी लोकांनी संविधान मंजूर केले.

तिघे वाकले नाहीत

२३ फेब्रुवारी १९८१ रोजी संध्याकाळी लोकसभेत मतदान चालू होते. तेहेरो नावाचा एक लष्करी अधिकारी सुमारे २०० शिपाई घेऊन आत घुसला. छतावर गोळ्या झाडल्या. सारे सभासद बाकांखाली आडवे झाले. तिघे मात्र वाकले नाहीत. एक सुआरेस. दुसरे उपप्रधान गुतिएरेस मेयादो. हे यादवीत फ्रँकोकडून लढलेले. तिसरे कम्युनिस्ट पुढारी कारियो; ते यादवीत फ्रँकोच्या विरुद्ध बाजूला होते. पूर्वीचे वैरी, पण लोकांच्या सभेसाठी तिघेही ताठ राहिले.

मध्यरात्रीनंतर राजा दूरदर्शनवर आला आणि आपण संविधानाच्या बाजूचे आहोत, असे त्याने बजावले. दुसऱ्या दिवशी बंड मोडले. पुढारी तुरुंगात गेले. छतातली गोळ्यांची भोके अजून तशीच ठेवली आहेत. १९८२ साली निवडणुकीत समाजवादी पक्ष जिंकला. यादवीत हरलेल्यांचा तो पक्ष. सत्ता हातातून हातात गेली आणि कुणाच्या घराला आग लागली नाही. लोकशाही मुरली, ती तेव्हा.

राहिलेले काम

सगळे गोड झाले असे आम्ही सांगणार नाही. १९७७ साली माफीचा कायदा झाला. त्याने राजकीय कैदी सुटले, पण जुलूम करणारेही सुटले. कित्येक म्हाताऱ्या बायका आपल्या बापाची हाडे शोधत राहिल्या. २००७ आणि २०२२ साली त्यासाठी कायदे झाले, आणि अशी प्रेते अजून उकरून काढून घरच्यांच्या हवाली केली जातात. बास्क भागातल्या ईटीए या हत्यारबंद संघटनेने ८०० हून अधिक माणसे मारली. तिने २०११ साली हत्यार थांबविले. कातालोनियाचा वाद अजून मिटलेला नाही. पण वाद आता सभेत आणि कोर्टात चालतो, खंदकात नाही.

पाचामुखी परमेश्वर, असे आपण म्हणतो. पण स्पेनची गोष्ट एक पाऊल पुढे नेते. मत देणे ही लोकशाहीची अर्धी भाकरी. उरलेली अर्धी अशी, की जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचे घर, शेत आणि अब्रू सांभाळायची, आणि हरणाऱ्याने पुढच्या खेपेची वाट पाहायची. गावच्या पंचायतीत गुलाल उधळताना हरलेल्याच्या दारात फटाके लावू नयेत, हे याच शहाणपणाचे लहान रूप. ते शिकायला स्पेनला ५ लाख जीव आणि ४० वर्षे द्यावी लागली.

विचार करा आणि सांगा

१. १९३६ साली मतपेटी असूनही लढाई का झाली?

२. १९५९ नंतर पोट भरू लागले तरी लोक सुखी का नव्हते?

३. संविधान करताना कोणी काय सोडले?

४. आपल्या गावात निवडणुकीनंतर दोन तट पुन्हा एकत्र यावेत, म्हणून काय करता येईल? चार ओळी आपल्या हाताने लिहा.