शाखा दोन, शिक्षण एक

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरोघरी ठरलेले बोल ऐकू येतात : गुण चांगले पडले तर 'सायन्स', कमी पडले तर 'आर्ट्स'. अशा रीतीने विज्ञान ही हुशारांची आणि कला ही उरलेल्यांची शाखा ठरते. या गैरसमजामुळे दोन्हीकडच्या मुलांचे नुकसान होते.

शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनीचेच उदाहरण घेऊ. काळ्या रानात उसाला गरजेपेक्षा जास्त पाणी दिले आणि त्याचा निचरा झाला नाही, तर भूजलाची पातळी वर येते. पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मात्र वरच्या थरात साचतात. हे कारण विज्ञान सांगते. मातीची तपासणी करून जमिनीखाली सच्छिद्र पाइप किती खोलीवर टाकावेत, हेही विज्ञानच सांगते. पण निचऱ्याचे पाणी ओढ्यापर्यंत न्यायचे तर ते शेजाऱ्याच्या रानातून न्यावे लागते. त्याची संमती कशी मिळवायची? खर्च कोणी किती सोसायचा? अल्पभूधारकाने पैसा कोठून आणायचा? पाणी जपून वापरा, हे गावाला पटेल अशा भाषेत कोणी सांगायचे? ही उत्तरे प्रयोगशाळेत मिळत नाहीत. त्यासाठी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, कायदा आणि भाषा यांचा अभ्यास लागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अर्थशास्त्राचे व कायद्याचे पंडित. तरीही १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी दामोदर खोरे योजनेत पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज या प्रश्नांत लक्ष घातले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. या संस्थेने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांसह. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या दोहोंत कठोर भिंत नसावी, असे म्हटले आहे.

म्हणून पालकांनी केवळ गुणपत्रिका पाहून शाखा ठरवू नये. मुलाचा, मुलीचा कल विचारावा. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आपले म्हणणे शुद्ध व सोप्या मराठीत मांडता आले पाहिजे. कलाशाखेच्या विद्यार्थिनीला माती-तपासणीचा अहवाल वाचता आला पाहिजे आणि ग्रामपंचायतीचा जमाखर्चही समजला पाहिजे. शाखा कोणतीही असो, शिकलेल्या मुलाला गावाचा प्रश्न समजला आणि तो इतरांना समजावून सांगता आला, तरच त्याच्या शिक्षणासाठी आईवडिलांनी उपसलेले कष्ट सार्थकी लागतील.