'बाजूला ठेवा' म्हणजे किती दिवस?

प्रश्न : नाण्यांच्या प्रदर्शनात एक दुदांडी शिवराई (तांब्याचे जुने मराठी नाणे) आवडली. विक्रेत्याला 'माझ्यासाठी ठेवा' म्हणालो, ते 'बरं' म्हणाले. महिन्याने फोन केला, तर नाणे विकलेले! हा विश्वासघात नाही का?

उत्तर : मला तरी तसे वाटत नाही. तुम्ही ना मुदत सांगितलीत, ना विसार दिलात. भारतीय करार कायदा, 1872 नुसार प्रस्ताव स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घेता येतो; मोबदला न घेता 'ठेवतो' म्हटल्याने विक्रेता बांधला जात नाही. एक फोन मात्र त्यांनी करायला हवा होता, ही तुमची तक्रार रास्त.

विक्रेत्याचा माल म्हणजे अडकलेले भांडवल. प्रदर्शन दोन-तीन दिवसांचे, त्यात पेटीत ठेवलेले नाणे दुसऱ्या गिऱ्हाईकाला दाखवताही येत नाही. त्यातून 'ठेवा' म्हणून गायब होणारे हौशी संग्राहक काही कमी नाहीत. पुढच्या वेळी दिवस ठरवा, थोडी रक्कम द्या, ती परत मिळणार की बुडणार हे चिठ्ठीवर लिहून घ्या. बेत बदलला तर त्याच दिवशी कळवा. आणि तांब्याची शिवराई दुर्मीळ नाही. त्याच विक्रेत्याला दुसरी शोधायला सांगा.